बिगोनियासाठी हरितगृह: सिंगापूरचा उलटा हिशेब

बिगोनियावरचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा. पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच काचेचं घर, त्यातला हीटर आणि कलमांना खालून ऊब देणारी झाकणाची पेटी, म्हणजे प्रोपॅगेटर, यांची यादी येते. हा सल्ला चुकीचा नाही, फक्त तो ब्रिटनचा आहे. प्रदर्शनी बिगोनियाची परंपराच तिथे घडली. बाथजवळची ब्लॅकमोर अँड लँगडन ही रोपवाटिका १९०१ पासून थाळीएवढ्या फुलांचे बिगोनिया विकते आहे आणि तिथली राष्ट्रीय बिगोनिया सोसायटी १९४८ ची. तिथला माळी फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत कंद जागे करतो, म्हणून त्याला ऊब विकत घ्यावी लागते. सिंगापुरात राहणाऱ्या मराठी बागप्रेमीने ती यादी जशीच्या तशी ऑनलाइन मागवली, तर पहिल्या महिन्यात त्याच्या हाती उकडलेली पानं येतील. इथे हरितगृह आणि कलमपेटी दोन्ही लागतात, पण ती ऊब साठवायला नव्हे. हवा स्थिर ठेवायला लागतात. एवढा एक फरक नीट लक्षात घेतला की काय घ्यायचं, कुठे ठेवायचं आणि कशावर पैसे घालायचे नाहीत, हे सगळं आपोआप ठरत जातं.

आधी हवेचा हिशेब मांडू. विषुववृत्तापासून सव्वा अंशावर असलेल्या या बेटावर दुपारी पारा ३१ ते ३३ अंशांवर असतो आणि रात्री क्वचितच २४ च्या खाली उतरतो. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पहाटे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे असते, तर पाऊस नसलेल्या दुपारी साठपर्यंत येते. दिवस बाराही महिने बारा तासांचाच. आपल्याकडे उकाडा असह्य झाला की महाबळेश्वर गाठायचं ही सोय असते, आणि मलेशियातल्या लोकांना कॅमेरॉन हायलँड्स आहे. सिंगापूरचा सर्वांत उंच डोंगर, बुकित तिमा, जेमतेम १६४ मीटरचा. तेवढ्या उंचीवर हवा फार तर एका अंशाने गार होते. म्हणजे थंडी निसर्गाकडून मिळायची नाही, आणि ऊब तर मागायचीच नाही.

अशा ठिकाणी बंद काचघर किंवा प्लास्टिकचं पॉलीहाऊस उन्हात उभं केलं, तर आतली हवा चाळिशी सहज ओलांडते. मग फॅन आणि ओले पॅड लावून ते गार का करू नये? तळेगाव दाभाड्याच्या परिसरात गुलाब आणि जरबेऱ्याची पॉलीहाऊसं अशी चालतातच की. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर हवेच्या कोरडेपणात आहे. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं आणि ते किती उडेल हे हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. नागपुरात मे महिन्यातली ४३ अंशांची कोरडी हवा कूलरच्या ओल्या ताट्यांतून गेली की पंधरा अंशांनीसुद्धा उतरते. सिंगापूरच्या दुपारच्या ३२ अंशांच्या दमट हवेवर तोच प्रयोग केला तर चार-पाच अंशांवर गाडी थांबते, आणि पावसाळी संध्याकाळी तर फरकच पडत नाही. वर पानं ओली राहतात ते निराळंच. तेव्हा कूलर, फॉगर आणि ओले पॅड यांच्यावर मोठा खर्च करू नये. पाण्याच्या फवाऱ्याने इथे आर्द्रता मिळते, गारवा जवळजवळ मिळत नाही.

यावर कोणीही मरीना बेकडे बोट दाखवेल. गार्डन्स बाय द बे २०१२ मध्ये खुलं झालं आणि त्यातलं फ्लॉवर डोम तर दिवसभर २३ ते २५ अंशांवर असतं. शेजारच्या क्लाउड फॉरेस्टमध्ये पस्तीस मीटर उंचीचा मानवनिर्मित डोंगर आहे, त्याच्या ओलसर उतारांवर बिगोनिया मजेत वाढतात. मग सिंगापुरात गार हरितगृह अशक्य कसं? अशक्य नाहीच. मात्र ते कशाच्या जोरावर उभं आहे हे पाहायला हवं. तिथली काच प्रकाश आत घेते आणि उष्णतेचा बराच भाग बाहेर ठेवते, ऊन वाढलं की छतावर आपोआप पडदे पसरतात, जमिनीखालच्या नळ्यांतून गार पाणी फिरतं, हवा गार करण्याआधी कोरडी केली जाते आणि बागेतल्या कचऱ्यावर चालणारं इंधनघर त्या सगळ्याला हातभार लावतं. शिवाय एवढ्या उंच घुमटात फक्त माणसं आणि झाडं असतात तो खालचा थर गार ठेवायचा, बाकीची गरम हवा वरून निघून जाते. आपल्या बाल्कनीतल्या चार फुटांच्या काचपेटीला यातलं काहीही परवडणारं नाही. घरच्या घरी हिशेब केला तर एखादी खोली केवळ रोपांसाठी दिवसरात्र गार ठेवायला सरासरी ८०० वॉट वीज धरली, तरी महिन्याला पावणेसहाशे युनिट होतात. युनिटला ढोबळमानाने ३० सेंट म्हटलं तर सुमारे १७० डॉलर झाले. शंभर रोपं विकणाऱ्याला ते परवडेल, दहा कुंड्यांच्या हौसेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. प्रदर्शनी बिगोनिया म्हणजे ती गुलाबासारखी दुहेरी, तळहात झाकून टाकणारी फुलं. तीच नसतील तर प्रदर्शन कसलं? पण ही फुलं कुठून आली ते आठवावं. त्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. बोलिव्हिया-पेरूकडच्या उंचावरच्या जाती १८६० च्या दशकात रिचर्ड पिअर्स या संग्राहकाने इंग्लंडच्या व्हीच रोपवाटिकेसाठी पाठवल्या आणि त्यांच्या संकरांतून आजचे कंदवर्गीय बिगोनिया झाले. त्यांना रात्रीचा गारवा रक्तातच लागतो. पंचवीस अंशांच्या रात्री एकामागून एक सरल्या की कळ्या उमलण्याआधी गळतात, खोड मऊ पडतं आणि कंद कुजतो. दिवसाच्या लांबीचंही तसंच. दिवस चौदा तासांहून लांब असला की हे झाड फुलतं, आणि बारा तासांच्या आसपास आला की फुलं सोडून कंद भरायला लागतं. सिंगापूरचा दिवस वर्षभर त्याच रेषेवर अडकलेला. दिवे लावून दिवस सोळा तासांचा करता येईल, ते अवघड नाही. पण दिवे रात्र गार करत नाहीत. दुकानांत कुंडीत फुललेले एलाटियर बिगोनिया मिळतात, ते जरूर आणावेत, फुलदाणीतल्या फुलांसारखे चार आठवडे मिरवावेत आणि निरोप द्यावा. त्यांच्यासाठी घर बांधू नये.

मग उरतं काय? खरं तर खूप उरतं. बिगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या असंख्य आग्नेय आशियातल्या, म्हणजे सिंगापूरच्या अंगणातल्या. या जातींचं वैभव पानांत आहे. सिंगापूर बोटॅनिक गार्डन्सचे संचालक हेन्री रिडली यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेली बिगोनिया राजा घ्या. तांबूस पानावर हिरव्या शिरांचं जाळं, उंची वीतभरही नाही. मलेशियाच्या डोंगरातली बिगोनिया पॅव्होनिना तर अंधाऱ्या जागी मोरपिशी निळी दिसते. हा निळा रंग रंगद्रव्याचा नसून पानातल्या हरितलवकांच्या थरांच्या रचनेमुळे येतो आणि ती रचना दाट सावलीतला अपुरा प्रकाश टिपायला मदत करते, असं ब्रिटिश संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. तिला जास्त उजेडात ठेवलं की निळाई मावळते. हौशी माळ्यासाठी यातला धडा सरळ आहे: जिथे फुलासाठी उजेड वाढवायचा, तिथे पानासाठी तो कमी करायचा. सबाहच्या चुनखडीवर वाढणारी ठिपक्यांची बिगोनिया अम्फिऑक्सस काचपेटीत छान राहते. ब्राझीलची पांढऱ्या ठिपक्यांची मॅक्युलाटा आणि तिच्यासारखे बांबूगत पेरांचे प्रकार तर पेटीबाहेर, सावलीच्या कॉरिडॉरमध्येही जगतात. रेक्स, म्हणजे आपल्या आसामकडून युरोपात गेलेल्या जातीचे रंगीत संकर, या दोहोंच्या मधले. जमतात, पण रात्रीचा थोडा गारवा मिळाला तरच रंग भरतात.

जमिनीवरचं घर असलेल्यांचा प्रश्न लवकर आटोपतो. त्यांनी काचघराचा विचार सोडून वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिकचं छप्पर, त्याखाली ७० ते ८० टक्क्यांची शेडनेट आणि चारही बाजू मोकळ्या, असा मांडव उभारावा. छप्पर लागतं ते पावसासाठी. तासाभरात कोसळणारा मुसळधार पाऊस बिगोनियाची रसाळ पानं फाडतो आणि कुंडीतली माती भिजवून मुळं कुजवतो. छप्पर निदान तीन मीटर उंच ठेवावं आणि सर्वांत उंच भागी गरम हवा निघून जायला फट सोडावी. जमिनीवर खडी पसरून ती सकाळी भिजवली की पुरे.

बहुसंख्य लोक मात्र एचडीबी या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये किंवा काँडोमध्ये राहतात आणि खरी कसोटी तिथे आहे. इथे एक शंका हमखास येते. बाहेर ऐंशी टक्के आर्द्रता असताना आणखी पेटी कशाला? शंका चुकीची नाही, पण टक्केवारी फसवते. पानातून पाणी किती ओढलं जाईल हे हवेच्या तापमानावरही ठरतं. २८ अंश आणि ८० टक्के असताना हवा जेवढं पाणी ओढते, त्याच्या अडीचपट ती दुपारी ३२ अंश आणि ६० टक्के असताना ओढते. एसी लावलेल्या, २५ अंश आणि ५५ टक्क्यांच्या खोलीतही ही ओढ जवळजवळ दुप्पट होते. मुळं धरलेलं झाड हा चढउतार सोसतं. नुकतं कापलेलं पान, ज्याला मुळंच नाहीत, ते सोसत नाही. पेटी हवी ती या चढउतारातून कलमाला वाचवायला. म्हणूनच कलमपेटीतली ऊब देणारी गादी इथे चक्क काढून टाकावी. पुस्तकातले वीस-एकवीस अंश थंड देशातल्या मातीला गाठायचे असतात. इथली माती आधीच सत्तावीस-अठ्ठावीसवर आहे.

पेटी म्हणून काय वापरावं? आयकियाचं काचेचं कपाट त्यासाठी जगभर लोकप्रिय झालं आहे आणि ते योग्यही आहे, पण मोठ्या अ‍ॅक्वेरियमवर काच ठेवूनही काम भागतं. कलमांपुरती तर झाकणाची पारदर्शक प्लास्टिकची पेटीच बरी. जागा निवडताना एक युक्ती सगळ्यांत मोलाची ठरते: ही काचपेटी बेडरूममध्ये ठेवा. बहुतेक घरांत रात्री तिथे एसी चालतोच. उघड्या कुंडीला एसी मारतो, कारण तो गारव्याबरोबर कोरडेपणा आणतो. बंद काचेच्या आत गारवा पोचतो आणि ओलावा मात्र आतच राहतो. दिवसा २९-३० आणि रात्री २४-२५, असा पाच अंशांचा फरक रेक्ससारख्या झाडाला पुरतो, आणि त्यासाठी वेगळं बिल येत नाही. खिडकीतून थेट ऊन पेटीवर येणार नाही एवढं पाहा. सकाळचा अर्धा तासही बंद काच तापवायला पुरेसा असतो. प्रकाशासाठी वीस वॉटचा पांढरा एलईडी पानांपासून वीतभर उंचीवर बारा तास लावावा. महिन्याला सात युनिट, म्हणजे दोन-सव्वादोन डॉलर. दिव्याचा अ‍ॅडॉप्टर पेटीबाहेर ठेवावा, नाहीतर त्याचीच उष्णता आत कोंडते. दिवे दिवसा लावावेत, रात्री एसी असताना झाडांची रात्र असू द्यावी. घरच्यांच्या झोपेचाही प्रश्न सुटतो.

पेटीतला दुर्लक्षित भाग म्हणजे पंखा. संगणकात असतो तसा छोटा पंखा सर्वांत मंद गतीवर, पानांवर झोत न येता भिंतीकडे तोंड करून लावावा. दमट पण स्तब्ध हवेत भुरी आणि कूज दोन्ही वाढतात. हवा हलती असली तर तेवढ्याच आर्द्रतेत झाड निरोगी राहतं. आर्द्रतामापक स्वस्त असतो, तो घ्याच, पण काचेकडे पाहायचीही सवय लावावी. सकाळी एका बाजूला हलकं धुकं आणि दहा-अकरापर्यंत ते विरलेलं, हे ठीक. दुपारीही थेंब ओघळत असतील तर पाणी जास्त झालं, झाकण बोटभर उघडं ठेवा.

कलम करताना रेक्स किंवा गाठखोडाच्या बिगोनियाचं पूर्ण वाढलेलं पण जून न झालेलं पान घ्यावं. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्यावं. पान उलटं करून पाहिलं की देठापासून फुटणाऱ्या जाड शिरा दिसतात. देठाजवळचा रुपयाएवढा भाग वेगळा काढावा आणि उरलेल्या पानाचे असे त्रिकोण कापावेत की प्रत्येकाच्या टोकाशी एक जाड शीर येईल. ते टोक ओलसर पण पिळल्यास पाणी न टपकणाऱ्या कोकोपीट-परलाइटच्या मिश्रणात सेंटिमीटरभर खोचायचं. वरचा कडेचा भाग करपला तरी घाबरू नये, शीर जिवंत असेल तर तीन-चार आठवड्यांत मुळं येतात आणि दोन महिन्यांच्या आसपास टोकाशी नखाएवढी पानं फुटतात. पेरांच्या प्रकारांना दोन पेरांची काडी पुरते. बी पेरायचं असेल तर ते धुळीसारखं बारीक असतं आणि रुजायला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकू नये. पाणी नेहमी खालून द्यावं. पानावर उडालेला थेंब जिवाणूंचे डाग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो आणि इथल्या उष्ण हवेत ते झपाट्याने पसरतात.

खालून पाणी म्हटलं की सिंगापुरात डासांचा प्रश्न येतोच. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून आठवडाभरात तयार होतो आणि घरात अळ्या सापडल्या तर राष्ट्रीय पर्यावरण संस्था, म्हणजे एनईए, दंड करते. कुंडीखाली ताटली भरून ठेवण्याची पुण्यातली सवय इथे सोडावी. कुंडी अर्धा तास पाण्यात बसवावी, निथळू द्यावी आणि उरलेलं पाणी ओतून टाकावं. पेटीच्या तळाशी आर्द्रतेसाठी पाण्याऐवजी ओलसर केलेलं परलाइट पसरावं. त्यात पाण्याचा उघडा पृष्ठभागच उरत नाही.

आता प्रदर्शन. इथे बहुतेकांचा हिशेब शेवटच्या दिवशी चुकतो. सिंगापुरातली प्रदर्शनं आणि मंडळांचे मेळावे बहुधा एसी सभागृहात होतात. नव्वद टक्क्यांच्या पेटीत वाढलेलं झाड तिथे नेलं की दोन-तीन तासांत माना टाकतं, मग पान कितीही देखणं असो. म्हणून पेटी हे झाडाचं बालपणाचं घर मानावं, कायमचं नाही. मूळ धरलेलं रोप थोडं थोडं बाहेर काढावं: पहिल्या आठवड्यात झाकण चार बोटं उघडं, दुसऱ्यात दिवसभर उघडं, तिसऱ्यात रोप खोलीत. बिगोनिया राजा किंवा पॅव्होनिनासारख्या जाती कधीच पुरत्या बाहेर येत नाहीत, त्या काचेच्या घंटेसकटच मांडाव्यात. परीक्षकाला काचेबद्दल तक्रार नसते, सुकलेल्या पानाबद्दल असते. एरवी कुंडी आठवड्याला पाव वळसा फिरवणं, म्हणजे पानांचा गोल सगळीकडून सारखा भरतो, खालची पिवळी पानं देठासकट काढणं, आणि पानाला चमक आणणारी कसलीही फवारणी न करणं, एवढं पाळलं तरी निम्मी तयारी झाली.

कुंड्या वाढत गेल्या की नजर कॉरिडॉरकडे जाते. तिथे १.२ मीटरची वाट मोकळी ठेवणं बंधनकारक आहे आणि कठड्यावर कुंडी ठेवणं तर गुन्हा ठरू शकतो, तेव्हा मांडणी भिंतीकडेच करावी. आणि एक विनंती, सुट्टीत घरी जाणाऱ्यांना. श्रावणात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर बिगोनिया क्रेनाटाची इवली गुलाबी-पांढरी फुलं दिसतील आणि तिचा वाटाण्याएवढा कंद रुमालात बांधून आणायचा मोह होईल. ती पावसाळ्यापुरती उगवून कोरड्या महिन्यांत झोपणारी जात आहे, सिंगापूरच्या बारमाही ओलाव्यात ती टिकणार नाही. शिवाय भारतातून रोप किंवा कंद आणायला एनपार्क्स या राष्ट्रीय उद्यान मंडळाचा परवाना आणि रोपाच्या आरोग्याचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. तिचा फोटो आणा. रोपं इथल्याच रोपवाटिकांतून घ्या, आणि पहिलं रोप विकत घेण्याआधी निवडलेल्या जागी आठवडाभर तापमान आणि आर्द्रतेचा मापक ठेवून रात्रीचा नीचांक लिहून काढा. तो २५ च्या वर असेल तर रेक्सचा नाद सोडून मॅक्युलाटाने सुरुवात करा.